शेवट सांगायची परवानगी

काकूंना फार वर्षांपासून एकच गोष्ट माहीत करून घ्यायची होती, की एका नाटकात खून कुणी केला.

काकू म्हणजे शांती नगरमधल्या, त्यांच्याकडे मी स्वयंपाक करते. लग्नानंतर त्या मुंबईत राहायच्या, तेव्हा काकांबरोबर हे नाटक बघायला गेल्या होत्या. मुलगा मांडीवर होता. तिसऱ्या अंकात कुणीतरी किंचाळलं आणि मुलाने असा भोंगा लावला की मागचे लोक "बाहेर न्या, बाहेर न्या" करायला लागले. काकू बाहेर गेल्या. बंद दाराबाहेर पोराला थोपटत त्यांनी शेवटच्या टाळ्या ऐकल्या. काका बाहेर आले ते हसत. नाटक संपल्यावर नाटकवाले प्रेक्षकांकडून शब्द घेतात, की खुनी कोण ते कुणाला सांगायचं नाही. काका म्हणाले, "मी शब्द दिलाय."

काकूंना वाटलं, दोन दिवस चिडवतील. पण काकांनी ते जन्मभर पुरवलं. आमटीत मीठ कमी पडलं की म्हणायचे, "आज सांगणार होतो, आता राहू दे." चार वर्षांपूर्वी ते वारले.

"गेले ते गेले, खुन्यालाही बरोबर घेऊन गेले," असं काकू म्हणतात. म्हणताना हसतात.

ते नाटक अजून चालू आहे. पहिले नट गेले, दुसरे आले, त्यांचेही केस पिकले, तरी चालू आहे. यंदा ते आमच्या इथल्या नाट्यगृहात लागलं. काकूंच्या मुलाने मोबाईलवरून दोन तिकिटं काढली, एक काकूंचं आणि एक त्यांचा हात धरायला माझं. आणि आठ दिवस आधी काकू बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पलंगावरून उतरायचं नाही म्हणून सांगितलं.

"तू जा," काकू मला म्हणाल्या.

"मी एकटी?"

"मग काय वरात काढू? जा, नीट बघ आणि येऊन सांग. झोपलीस तर बघ हं!"

मी कुठे एकटी जात नाही. खारीच्या वस्तीतलं घर, शांती नगरची कामं आणि बाजार, एवढंच माझं जाणं. दुकानात दोनदा मागून मिळालं नाही तर मी तशीच परत येते. पण काकूंनी पलंगावर पडल्या पडल्या माझ्या साडीचा रंगसुद्धा ठरवला. मग नाही कसं म्हणणार?

रविवारी दुपारचा प्रयोग होता. आत इतकं गार होतं की मी पदर खांद्यावरून ओढून घेतला. पायाखाली मऊ जाजम. काकूंची खुर्ची माझ्या शेजारी रिकामी होती, तिच्यावर मी पिशवी ठेवली. तिसरी घंटा झाली आणि अंधार पडला.

आमच्या रायगडातल्या गावी जत्रेत नाटक व्हायचं. त्यात बायकांची कामं पुरुष करायचे आणि मेलेला माणूस डास चावला की खाजवायचा. नाटक म्हणजे मला तेवढंच माहीत. इथे पडदा वर गेला आणि समोर एक घरच होतं. जिना वर जात होता. खिडकीबाहेर उजाडत होतं, हळूहळू, खरं उजाडतं तसं. टेबलावरच्या कपातून वाफ येत होती. मध्ये एक झोपाळा, आणि त्यावर कुणी नसताना तो हलत होता. नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखा. माझ्या अंगावर काटा आला. अजून कुणी काही बोललंही नव्हतं.

मग त्या घरची मालकीण मेली. घरात पाच माणसं, त्यातला एक डॉक्टर. फौजदार आला, ओली छत्री दारात ठेवली आणि एकेकाला विचारू लागला. मला प्रत्येकाचं खरं वाटत होतं. दिवे गेले आणि ती किंकाळी आली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाईने नवऱ्याचा दंड धरला आणि मी काकूंच्या रिकाम्या खुर्चीचा हात धरला. एवढी माणसं बसलेली, गुजराती, मराठी, हिंदी बोलणारी, आणि एकाचाही श्वास ऐकू येत नव्हता. शेवटी खुनी कळला तेव्हा मी तोंडावर हात ठेवला. कितीतरी वेळ तो माणूस माझ्या डोळ्यासमोर होता आणि मला दिसला नव्हता.

टाळ्या झाल्या. मेलेली मालकीण उठून आली, तिनेही नमस्कार केला. मग फौजदार पुढे आला आणि म्हणाला, "खुनी कोण ते आता फक्त तुम्हाला आणि आम्हाला ठाऊक आहे. बाहेर कुणाला सांगणार नाही, असा शब्द द्या. देणाऱ्यांनी हात वर करा." सगळ्यांनी हात वर केले. माझाही वर गेला. तो खाली घेताना मला काकू आठवल्या.

काकूंनी बेल वाजायच्या आधीच आतून हाक मारली. "ये, ये! बस इथे. कोण?"

मी उभीच राहिले.

"अगं, कोण ते सांग ना! डॉक्टर ना? मी तेव्हाच ह्यांना सांगितलं होतं, डॉक्टरच."

"काकू, मी हात वर केला."

"कसला हात?"

"शब्द दिला. सांगणार नाही म्हणून."

काकूंनी भिंतीकडे तोंड केलं. "तूही ह्यांच्यासारखीच निघालीस," म्हणाल्या. "आता मी काय वर जाऊन विचारू?"

त्यांचा मुलगा मला स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "ताई, असं सगळेच हात वर करतात हो. कोणी पाळत नाही. सांगून टाका." सगळे करतात ते मलाही कळतं. पण मी कुणाला शब्द द्यावा असा प्रसंग माझ्यावर कधी येत नाही. कुणी मागतच नाही. एकदा मागितला, तर तो सहज कसा मोडू? आणि काकूंकडे बघितलं की वाटायचं, सांगून टाकते, आत्ता टाकते. चार दिवस काकू माझ्याशी फक्त भाजीपुरतं बोलल्या. पोळी अर्धी ठेवू लागल्या.

पुढच्या रविवारी नाटक तिथेच परत होतं. मी दोन तास आधी गेले. मागच्या दाराशी सामानाचा टेम्पो उभा होता. आत जाऊ की नको करत मी तीनदा टेम्पोला फेरी मारली. मग एक माणूस नाटकातला तो जिना उचलून आत घेऊन निघाला. अख्खा जिना, एकटा! तो लाकडी फळ्यांचा आणि पोकळ होता. मी त्याच्या मागोमाग आत शिरले.

आत ते घर अजून उभं राहत होतं. भिंती कापडाच्या, मागून टेकू दिलेले. मेलेली मालकीण स्टुलावर बसून वडापाव खात होती. फौजदार बनियनवर आरशासमोर बसून तोंडाला रंग लावत होता.

"काय हवंय ताई?" त्याने आरशातूनच विचारलं.

"मी मागच्या रविवारी हात वर केला होता," एवढंच निघालं.

"बरं. मग?"

"तो खाली घ्यायला आलेय. एका माणसापुरता."

मग मी सांगितलं. काकू, मांडीवरचं पोर, काका, खुबा, सगळं. इतकं मी अनोळखी माणसाशी कधी बोलले नव्हते. मालकिणीने वडापाव खाली ठेवला. "म्हणजे नवऱ्याने मरेपर्यंत सांगितलं नाही?" ती म्हणाली. "माझा असता तर मी खरंच खून केला असता."

सगळे हसले. फौजदार हसला नाही. तो वळून माझ्याकडे बघायला लागला. अर्ध्या तोंडाला रंग होता, अर्ध्याला नव्हता.

"मी हे वाक्य किती वर्षं बोलतोय," तो म्हणाला. "ते कुणी पाळतं, हे मला आज कळतंय."

मग उठून उभा राहिला आणि म्हणाला, "परवानगी आहे. पण नुसतं नाव सांगायचं नाही. पहिल्यापासून सगळं नाटक सांगायचं, मग नाव. त्यांचं नाटक अर्धं राहिलंय."

"मला नाही सांगता येणार."

"मग आज परत बघा. इथून."

त्याने मला पडद्याच्या कडेला, आतल्या बाजूला उभं केलं. तिथून मी ते सगळं दुसऱ्यांदा बघितलं. झोपाळ्याला बारीक दोरी बांधली होती आणि एक म्हातारा ती धरून बसला होता. मला वाटलं होतं, आता माहीत आहे तर भीती जाईल. उलट झालं. खुनी माझ्या शेजारी येऊन उभा राहायचा, बाटलीतून पाणी प्यायचा, घसा खाकरायचा आणि उजेडात जायचा. तिकडे पाऊल पडलं की तो दुसराच माणूस व्हायचा. मला सगळं ठाऊक होतं, दोरीही दिसत होती, तरी झोपाळा हलला आणि परत काटा आला.

सोमवारी सकाळी मी काकूंना म्हटलं, "तिकडे तोंड करू नका. नाटक सांगते."

आधी खुर्चीत बसून सांगायला लागले. जमेना. उठले. जिन्यावरून उतरायचं तसं चालून दाखवलं, छत्री दारात ठेवली, मालकीण पडते तिथे पडले. काकूंच्या शेजारच्या बाई "क्या हुआ?" करत आल्या, त्यांना काकूंनी हातानेच गप्प केलं. किंकाळीला मी जरा थांबले. मग मारली. खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला.

शेवट मी काकूंच्या कानात सांगितला. इथेही लिहीत नाही, मला परवानगी एका माणसापुरतीच आहे. डॉक्टर नव्हता, एवढं लिहिलं तर चालेल.

"छे!" काकू म्हणाल्या. "काहीतरीच. डॉक्टरच असणार. तू नीट बघितलं नाहीस."

"काकू, मी दोनदा बघितलंय. दुसऱ्यांदा तर तो माझ्या शेजारी उभा होता."

माझा आवाज मोठा झाला होता. काकू पलंगावर पडल्या पडल्या हसायला लागल्या. पोट धरून, खुबा दुखतोय म्हणत हसायला लागल्या आणि डोळे पुसले.

"म्हणजे ह्यांनी सांगितलं असतं," त्या म्हणाल्या, "तरी मी मानलं नसतं. वर भांडले असते."

मी पाणी आणून दिलं. दोन घोट घेऊन त्या म्हणाल्या, "ते पोर रडलं, तो किंकाळीचा भाग परत कर. तिथून मी बघितलेलं नाही."

शेजारच्या बाईंना बाहेर पाठवून मी दार लावलं.