मोकळ्या समुद्राची धास्ती

उभ्या धाराशिव जिल्ह्यात माझ्या साडूंइतका भित्रा माणूस सापडणार नाही. येडशीत जन्म काढला, पण रामलिंगाच्या जंगलात ते कधी एकटे गेले नाहीत. तिथली माकडं माणूस ओळखून ठेवतात, असं त्यांचं ठाम मत. एसटी तेरखेड्यात शिरली की फटाक्यांचे कारखाने मागं पडेपर्यंत श्वास रोखून धरतात. आणि अशा माणसाची एकुलती एक लेक मालवाहू जहाजावर अधिकारी झाली! ती निघाली तेव्हा साडूंनी तिच्या बॅगेत शिट्टी घातली. "बुडाय लागलीस तर वाजव," म्हणाले.

गेल्या ऑगस्टात तिचा फोन आला. जहाज रशियाच्या उत्तरेकडून, आर्क्टिक समुद्रातून जाणार होतं. साडूंनी फोन कानाशी घट्ट दाबून विचारलं, "बर्फावर आदळलं म्हंजी?"

"बाबा, बर्फ लई कमी झालाय आता. म्हणून तर हा जवळचा रस्ता खुला झाला."

एक दिवस ते निवांत होते. दुसऱ्या दिवशी मला फोन. "पाव्हणं, कमी झालाय म्हंजी गेला कुठं?"

मी वाचलं होतं तेवढं सांगितलं. जुना जाड बर्फ वितळतोय, उरलेल्याचे तुकडे वाऱ्यावर भरकटतात, वरचं झाकण गेल्यानं लाटा मोठ्या उठतात, आणि उघडं पडलेलं काळं पाणी ऊन पिऊन आणखी तापतं. सांगायला नको होतं. त्या दिवसापासून साडू रसवंतीतही "बर्फ घालू नका" म्हणू लागले. रसवाला हसला, तर म्हणाले, "आधीच कमी हाय. वाया कशाला?"

मग तिचा फोन लागेना. आठ दिवस. साडू ताटावर बसत आणि हातातला घास हातातच राही. मी गेलो, तर माझं मनगट घट्ट धरून म्हणाले, "पोरीला म्या कधी हिरीत उतरू दिलं न्हाय, पाव्हणं. पवायला शिकली ती परक्या मुलखात. म्या नसताना."

नवव्या दिवशी तिचा आवाज ऐकू आला. दाट धुक्यात, तरंगत्या बर्फात जहाज अडकलं होतं. बर्फ फोडणारं दुसरं जहाज येईपर्यंत जागीच थांबावं लागलं, आणि संपर्कही तुटला होता.

दिवाळीत ती घरी आली. तिच्या फोनवर वॉलरस बघितले: दोन लांब सुळ्यांचे, म्हशीहून अवजड समुद्री प्राणी. टेकायला बर्फ उरला नाही म्हणून किनाऱ्यावर एकमेकांच्या अंगावर पडलेले. त्या चेंगराचेंगरीत एक पिल्लू धडपडत होतं.

"ह्येची आई कुठंय?" साडूंनी विचारलं. तिला माहीत नव्हतं.

"घाबरू नका बाबा," ती समजुतीनं म्हणाली, "पुढच्या खेपेला रस्ता आणखी मोकळा असेल."

साडूंनी हळूच तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांच्या भित्रेपणाला जन्मभर हसलेला मी, त्या दिवशी मात्र जरा त्यांच्याजवळ सरकून बसलो.