सिंधूताई आणि बिब्याचे फोड

सिंधूताईला टाळी देऊ नये. तिचा तळवा इतका खडबडीत, की आपल्यालाच लागते. बावीस वर्षं ती दगडावर बिबे फोडते आणि आतली गोडंबी अख्खी काढते. गोडंबी चिखलीच्या दुकानातून लोकांच्या लाडवांत जाते. बिब्याचं काळं तेल सिंधूताईच्या हातांवर राहतं. ते कातडीला लागलं की भाजल्यासारखे फोड येतात. गावात म्हणतात, बिबा उतला. मग माणसं तिच्याचकडे धावतात.

"फोड फोडायचा नाही," हा तिचा पहिला नियम. "वरची कातडी म्हंजे अंगचीच पट्टी. ते काढून दुसरी काऊन बांधता?"

दुसरा नियम लेकीसाठी, धम्मशीलासाठी : बिब्याला हात लावायचा नाही. धम्मशीला टायपिंग शिकत होती. गुरुवारी चिखलीत परीक्षा होती, आणि सोमवारी सकाळी ती उजवा हात ओढणीत लपवून चहाला बसली.

"कप डाव्या हातानं काऊन धरला वं?"

"असाच."

"दाखव."

तीन बोटांवर टपोरे फोड. शनिवारी माय बाजाराला गेली तेव्हा पोरीनं टोपलीभर बिबे फोडून ठेवले होते, मायला जरा आराम म्हणून. बिबा उतू नये म्हणून फोडण्याआधी हाताला तेल-राख चोळतात, ती चोळली नव्हती. मोबाईल चिकट होतो ना!

"मोबाईल वाचला नं? आता त्यालेच पाठव परीक्षेले."

बोलता बोलता सिंधूताईनं स्वतःचे हात साबणानं दोनदा धुतले. लेकीचा हात धुतला, ओलं गार फडकं ठेवलं, मग खोबरेल लावून सैल पट्टी बांधली. शेजारच्या विमलबाई सुई घेऊन हजर.

"टोचून पाणी काढलं का मोकळी होते पोरगी."

"विमलबाई, त्या सुईनं गोधडी शिवा. उद्या पू झाला, ताप आला, तर मीबी नाही अन् तुमीबी नाही. सरळ दवाखाना."

पण पट्टी जाड झाली. "माय, एका बोटानं दोन बटनं दाबल्या जातात!"

सिंधूताईनं धुऊन धुऊन विरलेलं आपलं लुगडं फाडलं. पातळ पट्टी केली. संध्याकाळी आपला तळवा पुढे केला, "मार टाइप."

"लागते का?"

"ह्या हाताले काय लागते? कोणतं बोट कसं पडलं, समजत नाही. पाठीवर मार."

मग रोज संध्याकाळी धम्मशीला मायच्या पाठीवर टाइप करायची. मंगळवारी मायच्या पाठीनं निकाल दिला, "मधलं बोट लंगडून राह्यलं." बुधवारी पाठीची काही तक्रार नव्हती. पट्टी बांधणाऱ्या हातांना बिब्याचं तेल नको म्हणून त्या चार दिवसांत सिंधूताईनं एकही बिबा फोडला नाही.

गुरुवारी ती बसच्या फाट्यावर उभी होती. धम्मशीला उतरली.

"फोड फुटला?"

"एक फुटला. शेवटच्या ओळीत."

"आन् ओळ?"

"पुरी केली, माय."

सिंधूताईनं ते बोट दोन नखांत अलगद धरलं, गोडंबी अख्खी काढताना धरते तसं. "चाल," ती म्हणाली, "धुऊन बांधू."