बाईंनी सात दिवस ठेवलेला कागद

आमच्या वाचनालयाच्या बाईंना हसताना मी बावीस वर्षांत फार तर चार वेळा पाहिलं. त्यातल्या तीन वेळा त्या माझ्या लेखांवर हसल्या आणि चौथ्यांदा मी शिडीवरून घसरलो तेव्हा. लेखकाला एवढं पुरतं. पुढची दहा वर्षं तो त्यावर काढतो.

वाचनालय पोस्टाच्या वरच्या मजल्यावर होतं. दोन खोल्या. एकीत कपाटं, दुसरीत लांब टेबल आणि सोळा खुर्च्या. त्यातली एक खुर्ची लंगडी, तिच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी. बाईंचं टेबल दोन्ही खोल्यांच्या मध्ये, दारातच, म्हणजे इकडून तिकडे कुणी पुस्तक पोटाशी धरून निघालं तर त्यांच्या नजरेतून सुटणं अशक्य. कुणी पान दुमडून पुस्तक परत आणलं की दंड घ्यायचा नियम होता. बाई दंड घ्यायच्या नाहीत. त्या दुमडलेलं पान उघडायच्या, नखानं घडी सरळ करायच्या आणि त्या माणसाकडे नुसत्या बघायच्या. दंड परवडला असता. मी स्वतः एकदा भिजलेलं पुस्तक परत दिलं, तेव्हा बाईंनी ते चार दिवस एकेका पानात टीपकागद घालून वाळवलं आणि मला एक शब्द बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी मीच माफी मागितली.

बाईंच्या घरी नवरा आणि नर्सिंग शिकणारी मुलगी. नवरा शिलाई मशीनं दुरुस्त करायचा. त्याला कमी ऐकू यायचं. "आमच्या घरात भांडणं होत नाहीत," बाई म्हणायच्या, "मी बोलते, ते ऐकत नाहीत. जमून गेलंय."

मी विनोदी लिहितो. म्हणजे गळका नळ, बायकोचे भाऊ, माझं पोट, असल्या विषयांवर. पुस्तकं चार आहेत, पण लोक मला ओळखतात ते ब्लॉगमुळे. दर शुक्रवारी एक लेख. वाचनालयात येणाऱ्या म्हाताऱ्या मंडळींचं कॉम्प्युटरशी जमत नव्हतं, म्हणून बाईंनी आपल्या मनानं एक पद्धत सुरू केली. सोमवारी सकाळी दार उघडायच्या आधी त्या माझा लेख मोठ्या अक्षरांत छापायच्या आणि दाराजवळच्या फलकावर चार कोपऱ्यांना चार टाचण्या मारून लावायच्या. खाली पेन्सिलीनं तारीख. पुढच्या सोमवारपर्यंत तो कागद तिथून हलायचा नाही. एकदा त्यांनी तो शनिवारीच काढला होता आणि फक्त रविवारी येणारे एक आजोबा जिना चढून हिरमुसून परत गेले. तेव्हापासून सात दिवस म्हणजे सात दिवस.

मी दर मंगळवारी पुस्तक बदलायच्या निमित्तानं जायचो. खरं कारण म्हणजे कपाटाआड उभं राहून म्हाताऱ्यांचं हसणं ऐकायचं. माझी मंगळवारची ही चोरी बाईंना पहिल्या महिन्यातच कळली असणार. "आज जरा उशिरा आलात," त्या म्हणायच्या, "मोठा हशा होऊन गेला."

असं सगळं नाकासमोर चाललेलं असताना मला राजकारण सुचलं.

नगरपालिकेनं शाळेचं मैदान विकायला काढलं होतं. कागदोपत्री ती 'वापरात नसलेली पडीक जमीन' होती. मी त्या मैदानासमोर राहतो. तिथं रोज दीडदोनशे पोरं धुडगूस घालतात, माझ्या दोन खिडक्या फोडून झाल्यात. काचेच्या पावत्या माझ्याकडे होत्या. मी लेख लिहिला. हे पडीक मैदान माझ्या काचा कशा फोडतं इथपासून सुरुवात केली आणि शेवटी सरळ लिहिलं की हा ठराव खोटा आहे, तो आणणाऱ्यांना तो खोटा असल्याचं माहीत आहे, आणि मैदानावर कुणाच्या इमारती उभ्या राहणार हेही सगळ्यांना माहीत आहे. नावं लिहिली नाहीत. लिहायची गरज नव्हती.

बायकोनं वाचला. "लिहिलंय चांगलं," ती म्हणाली. "पण तुम्हाला भांडण झेपत नाही. दूध पातळ आलं तर बोलायला मला पुढं करता."

"हे वेगळं आहे," मी म्हणालो. शुक्रवारी लेख टाकला. त्या संध्याकाळी मी आरशासमोरून जरा जास्तच वेळा गेलो.

शनिवारपासून लोक लिहू लागले. काहींनी पाठ थोपटली. पण बऱ्याच जणांनी लिहिलं, 'आम्ही इथं हसायला येतो', 'लेखकानं लेखकासारखं राहावं', 'तुम्हीसुद्धा?' ते 'तुम्हीसुद्धा' मला फार लागलं. सोमवारी बायकोच्या भावानं फोन करून मी कुठल्या पक्षात गेलो ते विचारलं. मंगळवारी मी वाचनालयात गेलो नाही. बुधवारी सकाळी प्रकाशकांचा फोन आला. माझं नवं पुस्तक नगरपालिकेच्या शाळांसाठी निवडलं जाणार होतं.

"लेखकानं राजकारणावर लिहू नये असं मी म्हणत नाही," प्रकाशक म्हणाले. "लिहावं. पण ते मेल्यावर छापावं."

मी हसलो. दुपारी बायको बँकेत गेली होती. मी ब्लॉग उघडला, तो लेख निवडला, पुसून टाकला आणि जेवायला बसलो. चांगली भूक लागली होती, हे मला आठवतं आणि त्याचीच जास्त लाज वाटते. पडद्यावरून गेलं म्हणजे जगातून गेलं, अशी माझी समजूत. फलकाची आठवणच झाली नाही. इतकी वर्षं एक बाई माझा शब्द न् शब्द कागदावर उतरवून भिंतीला लावते, आणि मला तिची आठवण फक्त हशा ऐकायचा असला की व्हायची.

तो कागद मात्र सोमवारपासून तिथंच होता.

वाचनालयाच्या समितीचे अध्यक्ष विटा-सिमेंटचे व्यापारी. मैदानावर उभ्या राहणाऱ्या इमारतींना सिमेंट कुणाचं लागणार हे मी लेखात लिहिलं नव्हतं, पण लेख वाचून त्यांना उचकी लागलीच असणार. मंगळवारी त्यांनी बाईंना कागद काढायला सांगितलं. बाई म्हणाल्या, सोमवारी काढीन. बुधवारी त्यांनी पुन्हा माणूस पाठवला. बाईंनी त्याला तारीख दाखवली. मग गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता समिती बसली. पुढचं मला त्या समितीतल्या एका निवृत्त मास्तरांनी सांगितलं, तेही बऱ्याच दिवसांनी.

अध्यक्ष म्हणाले, सार्वजनिक वाचनालयात बाईंनी राजकारण आणलं. बाई म्हणाल्या, "मी काही आणलं नाही. दर आठवड्याला यांचा लेख लागतो, तसा हाही लागला. हसवणारा लावायचा आणि न हसवणारा लपवायचा, हे मला जमणार नाही. आधी वाचून तर बघा. त्यात एक वाकडा शब्द नाही." आणि त्यांनी सगळ्यांसमोर कॉम्प्युटर चालू केला, माझा ब्लॉग उघडला आणि लेख शोधू लागल्या.

लेख नव्हता.

बाईंनी पान पुन्हा उघडलं. पुन्हा. मास्तर म्हणाले, त्यांनी चष्मा काढून पुसला आणि चौथ्यांदा उघडलं. सगळ्यात वर आधीच्या शुक्रवारचा लेख होता, त्याच्यावर काही नाही.

"बघा," अध्यक्ष म्हणाले, "कागद तुमचाच दिसतोय." आणि त्यांनी मला फोन लावला.

मी खिडकीत उभा होतो. समोर पोरं खेळत होती. अध्यक्षांनी गोड आवाजात विचारलं, "तुमच्या नावानं वाचनालयात एक कागद लागलाय. मैदानाबद्दल. तो तुमचा का?"

आता इथं मी काहीतरी सबब सांगावी असं फार वाटतंय. आवाज नीट येत नव्हता, घाईत होतो, असं काहीही. पण आवाज स्वच्छ येत होता. 'वाचनालयात' हा शब्द ऐकताच बाई अडचणीत आहेत हे मला कळलं होतं. मी म्हणालो, "माझ्या ब्लॉगवर असा कुठलाही लेख नाही."

खोटं बोललो नाही. एक अक्षर खोटं नाही. वाक्य कसं बसवायचं हे मला येतं, तोच माझा धंदा. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, तेव्हा कळलं की फोन सगळ्यांना ऐकू येत होता. बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. मला वाटलं होतं त्या फोनवर ओरडतील. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, असं मास्तर म्हणाले.

ग्रंथपालांनी स्वतः मजकूर रचून एका लेखकाच्या नावावर खपवला, अशी नोंद झाली. बाईंना काढलं. निवृत्तीला चार वर्षं होती.

मी मूग गिळून गप्प बसलो. वाचनालयाचा रस्ता सोडला; पोस्टात जायचं झालं तर बायकोला पाठवू लागलो. दर शुक्रवारी लेख मात्र लिहीत राहिलो. सात महिन्यांत नळ, पोट आणि मेव्हणे यांच्यावर तीस लेख झाले. लोक लिहायचे, 'आता परत मूळचे तुम्ही दिसायला लागलात.' पुस्तक शाळांसाठी निवडलं गेलं. मैदानाला पत्र्याचं कुंपण लागलं आणि माझ्या काचा फुटायच्या थांबल्या. सकाळी त्या अख्ख्या काचेतून बाहेर बघवत नाही.

शेवटी बाईंच्या घरी गेलो, तेही मास्तरांनी बाजारात गाठून सगळं तोंडावर सांगितलं म्हणून. आपणहून गेलो असतो असं लिहायला आवडलं असतं.

पुढच्या खोलीत नवरा एक मशीन उघडून बसला होता. बाई दुसऱ्या मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होत्या, बाजूला चाळीसेक अभ्र्यांची चळत. कुठल्याशा हॉस्टेलचं काम. त्यांनी मला बघितलं, शिवण पूर्ण केली, दोरा तोडला आणि खुर्चीवरचे अभ्रे उचलून मला जागा करून दिली.

मी पाठ करून आलो होतो. निम्म्यातच गडबडलो. चुकलो म्हणालो, घाबरलो म्हणालो, झोप लागत नाही म्हणालो. माझं ऐकता ऐकता बाईंनी पुढच्या अभ्र्याची कड दुमडून घेतली.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "त्यात लिहिलं होतं ते खरं होतं का?"

"म्हणजे?"

"मैदानाचं. खरं होतं का तुम्ही आपलं असंच लिहिलं होतं? तुम्ही काढून टाकलंत ना, मग मला वाटलं, खोटंच असणार. आपण भिंतीवर खोटं लावलं की काय. त्याच्यावरून मी फार दिवस स्वतःचा जीव जाळला. नोकरीचं एक सोडा."

सात महिने मी समजत होतो की मी त्यांची नोकरी घालवली. आणि ही बाई इथं बसून, माझ्या भित्रेपणाचा दोष स्वतःच्या वाचण्याला देत होती.

"खरं होतं," मी म्हणालो. "शब्द न् शब्द."

"मग ते मला सांगून काय उपयोग?" बाई म्हणाल्या. "मी तर पहिल्याच दिवशी मानलं होतं. जिथं नाही म्हणालात तिथं जाऊन सांगा." आणि त्यांनी मशीन सुरू केलं. नवऱ्यानं मान वर करून मला विचारलं, "तुमचं कुठलं मशीन?"

त्या संध्याकाळी मी तो लेख परत ब्लॉगवर चढवला, वर दोन ओळींत मी काय केलं होतं ते लिहिलं. लेखकानं ब्लॉगवर राजकारण लिहावं का, असं कधीकधी नवे लिहिणारे मला विचारतात. मी पूर्वी त्यावर वीस मिनिटं बोलायचो. आता एवढंच म्हणतो की उद्या पुसायचं असेल तर आज लिहू नका, कारण तोवर कुणीतरी ते खरं मानून त्याच्यासाठी उभं राहिलेलं असतं.

लेख परत चढवल्याच्या दुसऱ्या दिवशी समितीच्या नावे कबुलीचं पत्र लिहून अध्यक्षांच्या दुकानात गेलो. सिमेंटच्या थप्प्यांमध्ये त्यांचं टेबल. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "तो कागद माझा होता. लेख मी लिहिला होता. बाईंनी काही रचलं नव्हतं."

अध्यक्षांनी पत्र घेतलं, वाचलं, आणि मोठ्यानं हसले.

"अहो, बसा हो. मला माहीत नव्हतं असं वाटतंय का तुम्हाला? शुक्रवारीच वाचला होता मी. आमच्या सूनबाईंनी दाखवला. काचांचं तर फार छान जमलं होतं."

"मग फोन कशाला केलात?"

"तुम्ही काय म्हणता ते बघायला." त्यांनी पोत्यावरची धूळ झटकली. "बाई कागद काढेनात. बावीस वर्षांत एक चूक नाही, रजासुद्धा नाही. अशा बाईला काढायचं कशावरून? तुम्ही 'हो, माझाच' म्हणाला असतात तर आमचं काहीच चाललं नसतं. चार दिवस तुम्हाला शिव्या घातल्या असत्या आणि विसरलो असतो. खरं सांगतो, तुम्ही असं म्हणाल हे मलासुद्धा वाटलं नव्हतं. बाईंना तर नाहीच. चेहरा बघायला हवा होतात."

"त्यांना परत घ्या," मी म्हणालो.

"जागा भरली ना. पण पत्र राहू दे, फाईलला लावतो." त्यांनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि आत हाक मारून दोन चहा सांगितले.

मी चहा घेतला. नको म्हणायला तोंड उघडलं होतं, पण ते म्हणाले, घ्या हो, आणि मी कप संपेपर्यंत तिथं बसून राहिलो.