नितीन सरांची उतरंड

किस्से जमवावे लागत नाहीत हो. एक अतिशहाणा मालक आणि एक ॲडमिन पॅनल एका खोलीत ठेवा, आठवड्याला एक तरी मिळतोच! आमची खोली कामशेतला, तांदळाच्या दुकानाच्या माडीवर. पवना धरणाकाठच्या तंबूवाल्यांची बुकिंगची वेबसाइट आम्ही चालवतो. ती जिथून चालते त्या पॅनलमध्ये आधी गाव, गावाखाली कॅम्प, कॅम्पखाली तंबू, अशी साधी उतरंड. पण आमचे मालक नितीन सर हिंजवडीच्या आयटी कंपनीत दोन वर्षं काढून आलेत. त्यांना साधं काही चालत नाही.

*

बुकिंगसाठी तंबू निवडायला सरांनी एकच लांबलचक यादी केली. गाव नाही, कॅम्प नाही, नुसते तंबू. आता 'तंबू १' प्रत्येकाकडे असतोच. यादी उघडली की तंबू १, तंबू १, तंबू १... पान संपेपर्यंत!

"सर, यातला कुणाचा कुठला?"

"ज्याचा आहे त्याला कळतं," चहाचा घोट घेत सर म्हणाले.

*

मग यादीला पायऱ्या दिल्या. गाव, कॅम्प, तंबू, प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा चांगली दोन बोटं आत. कॉम्प्युटरवर झकास दिसलं. तंबूवाले सगळं मोबाइलवर बघतात, हे सरांना कुणी सांगितलंच नव्हतं म्हणे. मी तीनदा सांगितलं होतं! तंबूपर्यंत येईस्तोवर स्क्रीनवर जागाच उरेना, एका ओळीत एकच अक्षर मावायला लागलं.

पवनानगरचे बबनभाऊ फोन घेऊन आले. "म्याडम, आमी आता वरनं खाली वाचायचं व्हय?"

"फोन आडवा धरा," सर म्हणाले.

भाऊंनी धरला. ओळीत दोन अक्षरं आली.

*

बबनभाऊंचा धाकटा भाऊ पांडुरंग. त्याचा कॅम्प थोरल्याच्या जागेत, म्हणून पॅनलमध्ये मी तो थोरल्याच्या कॅम्पखाली लावला. पांडुरंग भडकला. "त्याच्या खाली मी? न्हाई जमायचं! त्यालाच लावा माज्या खाली!"

"आरं, थोरला मी हाय का तू?" बबनभाऊ गरजले.

सरांनी दोघांचंही समाधान केलं. थोरल्याला धाकट्याखाली लावलं आणि धाकट्याला थोरल्याखाली तसंच ठेवलं! आता दोघांच्याही वर गाव राहिलं नाही. पॅनल गावापासून खाली शोधत येणार, त्याला हे सापडणार कसे? साइटवरून दोन्ही कॅम्प गायब.

"नेट स्लो आहे," सर म्हणाले.

नेट दोन दिवस स्लो होतं.

*

गेल्या गुरुवारी तर कहर झाला. यादीत तिकोणा पेठ हे गाव दोनदा आलं होतं. सरांनी कुणाला न विचारता त्यातलं एक उडवलं. त्याखाली हमीदा मावशींचा कॅम्प होता, तोही उडाला. मावशींचं घर शनिवार-रविवारच्या पाहुण्यांवर चालतं आणि पाहुणे साइटवरूनच येतात. मावशी जीप पकडून थेट ऑफिसात. मला तर त्यांच्याकडे बघवेना.

सरांनी त्यांना खुर्ची दिली आणि लेक्चरही. "मावशी, कालचा बॅकअप, म्हणजे अख्ख्या साइटची नक्कल, आहे आपल्याकडे. पण एका कॅम्पसाठी अख्खा बॅकअप कोण लावणार? पुढच्या आठवड्यात नव्यानं भरू."

"आन ह्या शनवारी मी काय करू?"

सरांनी चहाचा कप उचलला.

"मंग त्यो ब्याकप ठिवलाय कशापायी?"

"सगळंच उडालं तर! मग दहा मिनिटांत परत आणतो."

"सगळं? माजं बी?"

"सगळं. काल होतं तसंच!" सरांना चेव आला. त्यांनी पॅनल उघडून दाखवलं. "हे सगळ्यात वरचं नाव, आपल्या साइटचं. सगळी गावं याच्याखाली. हे उडालं की त्याखालचं सगळं जातं. हे बघा, इथून."

नावाशेजारी लाल बटण होतं. 'नक्की उडवायचं का?' असं विचारणारी चौकट सरांनी मागेच काढून टाकली होती. लोकांचा वेळ जातो म्हणे!

मावशी पुढं वाकल्या, माऊस हातात घेतला आणि बटण दाबलं.

मग खुर्चीत नीट मागं टेकून बसत म्हणाल्या, "हं. आना आता."