वन्संच्या तीन हाका

देव जरी दारात येऊन उभा राहिला असता, तरी माझ्या थोरल्या नणंदबाईंनी त्याला आधी तासभर ओट्यावर बसवलं असतं आणि त्याच्या आळीत जाऊन चौकशी केली असती. मी त्यांना वन्सं म्हणत असे. विधवा होऊन त्या तरुणपणीच ताथवड्याहून चिंचवडला माहेरी परतल्या होत्या. त्यांनी तपासल्याशिवाय आमच्या घरात भोपळाही येत नसे. मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी ना पोहे मागितले ना नाव विचारलं. सरळ गोठ्यात नेऊन मला म्हशीजवळ उभं केलं. म्हैस बुजली नाही, म्हणून माझं लग्न झालं.

स्वातंत्र्याला आठदहा वर्षं झाली होती. पिंपरीकडे कारखाने नुकते उभे राहत होते. वन्सं दर रविवारी शाळेच्या पडवीत आंधळ्या, पांगळ्या, मुक्या पोरांना खेळायला गोळा करत. मदतीला यायला माणसं पुष्कळ तयार होती, पण आधी वन्संची परीक्षा द्यावी लागे. आलेल्याला ओट्यावर बसवायचं आणि आतून, दाराआड राहून, "कोण हाय?" म्हणून तीन हाका मारायच्या. तिसऱ्या हाकेला ज्याचा आवाज चढला तो बाद. जो टिकला त्याच्या आळीत जाऊन वन्सं तिथल्या पोरांना विचारत. मोठ्यांना कधी विचारलं नाही. मोठी माणसं शेजाऱ्याची भीड धरतात, असं त्यांचं म्हणणं. एक इस्त्रीचे कपडे घातलेले गृहस्थ पेढे आणि कुणा पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन आले होते. एकेका पोराला नदीवर फिरवून आणतो म्हणाले. तिन्ही हाकांना मधासारखं बोलले. पण ते आळीत शिरले की पोरं खेळ टाकून घरात पळतात, असं वन्संना कळलं. पेढे तसेच परत गेले. माझ्या नवऱ्यालाही त्यांनी नापास केलं होतं. सख्खा भाऊ, पण दुसऱ्याच हाकेला खेकसला.

माझी सुशी तापात बहिरी झाली, मग बोलणंही गेलं. आठ वर्षांची पोर पडवीच्या खांबाला धरून बसायची आणि कुणी ओढलं तर चावायची. सासूबाई म्हणत, घरात कोंडून ठेव, लोकांना तमाशा नको. दिवाळीपर्यंत बघू, एवढंच मी नवऱ्याकडून कबूल करून घेतलं होतं.

शाळेचं फाटक दुरुस्त करायला एका रविवारी हसनभाई आले. ते रेल्वेच्या जुन्या कारखान्यात पत्रा ठोकण्याच्या खात्यात होते. तिथे आवाज इतका की माणसं हातांनीच बोलतात. त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि सुशीला हातांनी काहीतरी विचारलं. सुशीने खांब सोडला आणि तिनेही हात हलवले. मी त्यांना रविवारचं यायला विनवलं. ते बिचारे सांगितल्याप्रमाणे ओट्यावर येऊन बसले.

वन्संनी तीन हाका मारल्या. हसनभाईंनी एकीलाही ओ दिली नाही.

"हाकंला ओ देत न्हाई, त्यो माणूस पोरांत नको," वन्सं म्हणाल्या आणि त्यांना परत पाठवलं. ते मुसलमान म्हणून घेतलं नाही, अशी गावात कुजबुज झाली. ती खोटी होती. सगळ्यांना नापास करण्यात वन्सं कधी जातपात बघत नसत. मी भांडले, दोन दिवस अबोला धरला, त्या हलल्या नाहीत. मग मीच पदर खोचून हसनभाईंच्या आळीत गेले आणि गोट्या खेळणाऱ्या पोरांना विचारलं. एक मुलगी म्हणाली, "चाचाला मागून हाक नाही ऐकू येत. पुढं जाऊन हात हलवायचा."

पत्रा ठोकून ठोकून त्यांचे कान गेले होते. घरी येऊन मी वन्संना तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वहाणा घातल्या आणि भर उन्हात स्वतः खात्री करायला गेल्या. माझ्यावरही विश्वास नव्हता. दुसऱ्या दिवशी हसनभाईंना पुन्हा ओट्यावर बसवलं, आणि या खेपेला वन्सं बाहेर येऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. तीनदा हात हलवून विचारलं. तीनदा हसनभाईंनी हसून हात हलवला.

त्या रविवारी सुशी पडवीभर धावली. हसनभाई दाखवत तसे हात करून ती इतर पोरांना आउट देत होती, आणि तिच्याशी भांडायला पोरंही हात हलवायला शिकली. पुन्हा तिला कोंडायची भाषा घरात कुणी काढली नाही.

वन्सं पायरीवर बसून बघत होत्या. मला म्हणाल्या, "कमळे, तू गेली नसतीस तर पोर खांबालाच ऱ्हायली असती का गं?"

मी म्हटलं, "व्हय."

खरं तेच होतं. त्यांनी मान हलवली. त्यानंतर मात्र कुणालाही नापास केलं की संध्याकाळी त्या मला शेजारी बसवून विचारत, बरोबर केलं ना? इतकी खमकी बाई, पण मरेपर्यंत विचारत राहिल्या. आता त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्या दिवशी मी थोडं खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं, असं अलीकडे वाटतं.