झेंझोचं पडणं

इटलीत डोलोमाइटच्या डोंगरातल्या झेंझोच्या गावात हिवाळ्यात माणसाचं तोंड कुणी बघत नाही. टोप्या, मफलर, काळे चष्मे. तोंड दिसतंय कुठं? पण वरच्या उतारावरनं मुंगीएवढा ठिपका स्कीवर घसरत येऊ लागला, की खाली ग्राप्पा दारूचे घोट घेत बसलेले म्हातारे सांगून मोकळे होतात, "आग्नुल आला. डावा गुडघा कसा चोरतोय बघा." चालीवरनं गुरं ओळखावीत, तशी ही माणसं घसरण्यावरनं माणूस ओळखतात.

त्यात झेंझो म्हणजे खोऱ्यातला पैला नंबर. मिसरूड फुटायच्या आत बापाबरोबर बर्फातनं गवताच्या घसरगाड्या खाली आणायचा. गाडी उलटली तर माणूस चेपून मरतो. म्हणून पडायचं कसं, हे तो आधी शिकला आणि स्की नंतर. पुढं सासऱ्याच्या, बोर्तोलोच्या, शाळेत पाहुण्यांना स्की शिकवू लागला. बोर्तोलो आता थकला होता. शाळा कुणाच्या हाती द्यायची ते ठरवायचं होतं, आणि जावई म्हणून झुकतं माप देणाऱ्यातला तो नव्हता.

अशात गावात सिनेमावाले उतरले. हसवणारा सिनेमा. एक हुशार चोर बायकांच्या गळ्यातले हिरे लांबवतो, आणि त्याच्या मागावरचा गुप्तहेर असा, की त्याला उंबरा ओलांडायचा म्हटला तरी चौकट अंगावर घेईल. नटांना स्की येईना. चोराच्या जागी घसरायला अख्खी शाळा रांगेत उभी राहिली. गुप्तहेराच्या जागी पडायला मात्र कुणी पुढं येईना. झेंझो पुढं झाला.

बोर्तोलो जेवता जेवता थांबला. "जावईबापू, अक्कल बर्फात पुरलीस काय? उद्या पाहुणे म्हणतील, हा पडका मास्तर आम्हाला काय शिकवणार?"

"मामा, टोपी, मिशा, लांब कोट. कोण वळखतंय?"

"जग न्हाई वळखणार. गाव वळखंल. पडद्यावर तुला मी वळखलं, तर शाळेचं नाव काढायचं न्हाई."

"आणि न्हाई वळखलं तर?"

"तर शाळा तुझी," म्हातारा म्हणाला आणि मक्याच्या पोलेंटाचा तुकडा तोंडात टाकला. मिटला विषय.

पहिल्या दिवशी झेंझो पडला तो मांजरासारखा. पडला, गोल फिरला, उभा. दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. "हा पडत नाही, नाचतोय! उद्या जमलं नाही, तर रोमहून दुसरा माणूस आणतो." झेंझोनं पुन्हा पुन्हा करून बघितलं. अंगात मुरलेलं पडणं काही जाईना.

मग तो नवशिक्यांच्या उतारावर जाऊन बसला. आजवर त्यानं हजारोंना उचललं होतं, पण पडताना नीट बघितलं नव्हतं. एक जाडजूड वकील छाती काढून खाली येत होता. खाली उभ्या बाईंना सलाम करायला त्यानं हात उचलला, आणि स्की एकमेकांत अडकल्या. तरी सलाम सोडीना. पाक आडवा होईस्तोवर गड्याच्या तोंडावर 'मी पडत नाहीच' असा भाव.

"आरं तिच्या!" झेंझो मांडीवर थाप मारून म्हणाला. "ह्याला पडायचं ठाऊकच न्हाई. म्हणून ह्यो असा पडतो."

दुसऱ्या दिवशी तो पडला. टोपी उचलून बाईंना नमस्कार, स्कीची कात्री, उलटा घसरत हॉटेलच्या ओसरीवर, टेबलं उधळीत थेट रिकाम्या खुर्चीत. मांडीवर कुणाची तरी बशी, आणि हा टोपी सारखी करतोय. कॅमेरावाला हसून हसून खाली बसला.

पुढच्या हिवाळ्यात सिनेमा गावात लागला. बोर्तोलो पुढच्या रांगेत, हाताची घडी घालून. त्या पडण्याला पोरंबाळं, म्हातारी, खुद्द पाद्रीबाबा हसता हसता डोळे पुसू लागले. बोर्तोलोच्या मिशा तेवढ्या हलल्या.

दिवे लागल्यावर म्हातारा वळला. "तुझा तुकडा कापला वाटतं? त्यांनी नटालाच ढकललं की. बेणं जन्मात स्कीवर चढलेलं न्हाई, दिसतंच हाय."

"मामा, मीच हाय त्यो."

"गप रं. गाढवाला घोडा म्हणून विकतोस? मी लबाडाला शाळा देणार न्हाई."

सगळं थेटर झेंझोकडं बघू लागलं. पैज जिंकूनही शाळा हातची चालली होती. गप्प बसला असता, तरी आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम दुसऱ्याच्या नावावर गेलं असतं. बायको ओर्सोला वैतागून म्हणाली, "तोंडानं काय सांगतोस? सकाळी करून दाखव."

सकाळी उतारावर शाळेचे सगळे मास्तर, पाहुणे, निम्मं गाव. कोट नाही, मिशा नाही. झेंझोनं वरनं टोपी उचलली आणि सुटला. स्की अडकल्या, कंबर एकीकडं, मान एकीकडं, आणि तोच तो साहेबी तोरा. थेट सासऱ्याच्या पायाशी येऊन बसला आणि टोपी सारखी केली. पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या.

बोर्तोलो कितीतरी वेळ बर्फावरच्या त्या वेड्यावाकड्या रेघा बघत राहिला. "माझ्या डोळ्यांदेखत दुसराच माणूस झालास की रं," तो म्हणाला. मग जावयाला हात देऊन उठवलं.

"उद्यापास्नं शाळा तू बघ. आणि हे पडणं तेवढं मला शिकीव. माझं पडायचं वय झालंय."