दोर झेलणारा पहारेकरी

आमच्या धक्क्यावरचा पहारेकरी नामा. साठीला टेकलेला, आधी खलाशी, आता निळ्या गणवेशातला कंत्राटी सुरक्षा रक्षक. परक्या मुलखातून कुणी चोरून उतरू नये म्हणून आमच्या अलिबागच्या बाजूला काय काय उभं केलंय: मनोरे, कॅमेरे, गस्तीच्या बोटी. कोट्यवधींचं नेपथ्य म्हणा ना! आणि त्याच्यापुढे नामा, एक शिट्टी घेऊन. अनोळखी होडी दिसली की ती वाजवायची.

गेल्या हिवाळ्यात सराव झाला. साध्या वेशातले पोलीस घुसखोर बनून होडीने आले आणि धक्क्याजवळ येताच त्यांनी दोर फेकला. नामाने तो झेलला, खुंटाला बांधला, वर एका घुसखोराला हात देऊन चढवून घेतलं. शेवाळ आहे, जपून, असंही सांगितलं.

सराव घेणारे साहेब हसले नाहीत. पुन्हा सराव घेऊ, तेव्हाही चुकलास तर दुसरा माणूस ठेवू, म्हणाले. बायको गेल्यापासून नामाचं घर म्हणजे तो धक्काच. तो थेट माझ्याकडे आला.

"बाय, तुमी नाटकवाल्या. माझं हात तेवडं आवरायला शिकवा."

नवख्या नटाला हातांचं काय करावं तेच कळत नाही, हे मला ठाऊक. जन्मभर राण्या केल्या, आता अंगणात घुसखोर झाले. मी दोर फेकायचा, नामाने झेलायचा. हात पाठीशी बांधायला लावले तर दोर अडवायला छाती पुढे करायचा.

"दोर पान्यात पडला तं होडीतल्या मानसांनी काय करावं?" म्हणायचा.

शेवटी म्हटलं, शिट्टी दोन्ही हातांनी धर, आरतीच्या ताटासारखी.

दुसऱ्या सरावाला मी धक्क्यावर जाऊन बसले. दोर आला. नामाने दोन्ही हातांनी शिट्टी धरून अशी फुंकली की बगळे उडाले. दोर पाण्यात पडला, होडी पाण्याच्या ओढीला लागून दगडावर घासली. साहेबांनी मान डोलावली. नोकरी राहिली.

मी शाबासकी द्यायला गेले, तर त्याचे हात शिट्टीवरून सुटेनात.

संध्याकाळी गावातल्या कान्हाची होडी आली. दोर आला, आणि नामा शिट्टी धरून तसाच उभा. दोर पाण्यात.

"काय रं नामाकाका, नोकरी पक्की झाली नि हात लुळं पडलं?" कान्हा ओरडला.

नामा गणवेशासकट कमरेभर पाण्यात उतरला. दोर धरायला हात पुढे गेले, तेव्हा कुठे शिट्टी सुटली.